मराठी रेडिओ आणि दूरचित्रवाणीवर निवेदक व्हायचे असेल तर : तयारीपासून पहिल्या करारापर्यंत

निवेदक होऊ इच्छिणाऱ्या तरुणांचा पहिला प्रश्न बहुधा आवाजाविषयी असतो आणि दुसरा दिसण्याविषयी. दोन्ही प्रश्न स्वाभाविक आहेत, परंतु निवड करणारी मंडळी चाचणीच्या वेळी जे ऐकत असतात ते यापेक्षा वेगळे असते. समोरच्या उमेदवाराला आपण वाचत असलेले वाक्य समजले आहे का आणि ते दुसऱ्यालाही समजावे अशी त्याला आच आहे का, हे त्यांना पहिल्या अर्ध्या मिनिटात कळते. भारदस्त आवाजाचा पण अर्थाकडे दुर्लक्ष करणारा उमेदवार मागे पडतो आणि साध्या आवाजात नेमकेपणाने बोलणारा निवडला जातो, हे या क्षेत्रात वारंवार घडते.

म्हणूनच या लेखाचा भर एका गोष्टीवर आहे : आपण जे बोलणार आहोत ते स्वतः, कानाला समजेल असे लिहिण्याची क्षमता. मे २०२४ मध्ये दूरदर्शनच्या डीडी किसान या शेतीविषयक वाहिनीने ‘क्रिश’ आणि ‘भूमी’ हे कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे दोन निवेदक पडद्यावर आणले. दुसऱ्याने लिहून दिलेला मजकूर न अडखळता वाचणे एवढेच ज्याचे भांडवल आहे, त्याचे काम यंत्राकडे जाण्याची शक्यता खरी आहे. मजकूर घडवणारा, प्रश्न विचारणारा, ऐन वेळी बदललेल्या परिस्थितीत योग्य वाक्य शोधणारा निवेदक मात्र प्रत्येक केंद्राला हवा असतो.

आधी काम नेमके ओळखावे

‘निवेदक’ या एका शब्दाखाली चार वेगवेगळी कामे येतात आणि त्यांची तयारीही वेगळी असते. आकाशवाणीचा उद्घोषक प्रक्षेपणाची एक संपूर्ण सभा, म्हणजे दिवसातला सलग प्रसारणाचा एक टप्पा, सांभाळतो. क्यू शीटप्रमाणे, म्हणजे कार्यक्रमांचा क्रम आणि वेळा लिहिलेल्या तक्त्याप्रमाणे, कार्यक्रम वेळेवर लावणे, ध्वनिमुद्रणे आधी तपासून घेणे, दोन कार्यक्रमांमधली उद्घोषणा करणे, एखादा कार्यक्रम अर्धा मिनिट आधी संपला तर योग्य संगीत लावणे आणि झालेल्या प्रत्येक त्रुटीची नोंद ठेवणे, हे सारे त्याच्याकडे असते. खासगी एफएमवरचा आरजे, म्हणजे रेडिओ जॉकी, गाण्यांच्या मधल्या जागेत श्रोत्याशी बोलतो. त्याचे व्यक्तिमत्त्व हाच कार्यक्रमाचा कणा असतो. वृत्तनिवेदक बातमीपत्र वाचतो, पण आजच्या वृत्तवाहिन्यांवर त्याच्या वेळेचा मोठा भाग थेट संभाषणात, म्हणजे वार्ताहरांशी, तज्ज्ञांशी आणि पक्षप्रवक्त्यांशी बोलण्यात जातो. सूत्रसंचालक रंगमंचावर, मनोरंजनाच्या कार्यक्रमात किंवा जाहीर मुलाखतीत प्रेक्षक आणि कलावंत यांच्यातला धागा सांभाळतो.

एक कायदेशीर फरक सुरुवातीलाच लक्षात घ्यावा. भारतात खासगी एफएम केंद्रांना स्वतःच्या बातम्या तयार करून प्रसारित करण्याची परवानगी नाही. आकाशवाणीची बातमीपत्रे ठरलेल्या अटींवर पुनःप्रसारित करता येतात, आणि वाहतूक, हवामान, स्थानिक कार्यक्रम, परीक्षांचे निकाल अशी माहिती देता येते. त्यामुळे ज्याला रेडिओवर बातम्याच वाचायच्या आहेत, त्याची वाट आकाशवाणीच्या वृत्त विभागाकडे जाते. मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील प्रादेशिक वृत्त विभागांतून मराठी बातमीपत्रे निघतात, तर पणजी केंद्रावरून कोकणीबरोबर मराठी कार्यक्रमही ऐकू येतात.

कानासाठी लिहायला शिकणे

या टप्प्याला सर्वाधिक वेळ द्यावा. वाचक वृत्तपत्रातल्या वाक्याच्या सुरुवातीला परत जाऊ शकतो, श्रोता जाऊ शकत नाही. नमुन्यासाठी वृत्तपत्री वळणाचे हे वाक्य पाहा : “कोयना धरणाच्या पाणलोट क्षेत्रात गेल्या २४ तासांत झालेल्या मुसळधार पावसामुळे पाणीसाठ्यात झपाट्याने वाढ होत असल्याने पाटबंधारे विभागाने दुपारी चारपासून धरणाचे वक्राकार दरवाजे दीड फुटाने उघडून नदीपात्रात विसर्ग सुरू करण्याचा निर्णय घेतला असून नदीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा देण्यात आला आहे.” व्याकरणाच्या दृष्टीने यात चूक नाही. परंतु नदीकाठच्या ज्या माणसासाठी ही बातमी आहे, त्याचा उल्लेख शेवटी येतो आणि तोपर्यंत त्याचे लक्ष गेलेले असते.

हीच बातमी ऐकण्यासाठी अशी लिहिता येईल : “कोयना धरणाचे दरवाजे आज दुपारी चार वाजता दीड फुटाने उघडले जाणार आहेत. नदीकाठच्या गावांनी सावध राहावे, असे पाटबंधारे विभागाने कळवले आहे. धरणक्षेत्रात गेल्या चोवीस तासांत मुसळधार पाऊस झाला असून पाणीसाठा वेगाने वाढत आहे.” काय होणार, कोणी काय करायचे आणि का, या क्रमाने माहिती आली. प्रत्येक वाक्याला एक काम. रोज वृत्तपत्रातल्या तीन बातम्या घेऊन त्या अशा रीतीने पुन्हा लिहाव्यात, मोठ्याने वाचाव्यात आणि जिथे श्वास अपुरा पडतो तिथे वाक्य तोडावे. दोन-तीन महिने हा सराव नियमित केला तर त्याचा परिणाम लिहिण्याबरोबर बोलण्यावरही दिसू लागतो, कारण विचारच लहान आणि स्वच्छ तुकड्यांत येऊ लागतो.

आकड्यांची स्वतंत्र तयारी करावी लागते. मराठीत एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी, त्रेसष्ट, त्र्याहत्तर, त्र्याऐंशी हे शब्द अनेक सुशिक्षित तरुणांना चटकन आठवत नाहीत, आणि थेट प्रक्षेपणात ‘सेव्हन्टी नाइन’ असे इंग्रजी रूप तोंडातून निसटते. एक ते शंभर हे अंक उलटसुलट क्रमाने न अडखळता वाचता येईपर्यंत घोटावेत. शिवाय मराठीकडे सव्वा, दीड, अडीच, पावणे आणि साडे यांची जी संपत्ती आहे ती वापरावी. ‘१.२५ कोटी’ हे ‘एक पॉइंट दोन पाच कोटी’ असे वाचण्यापेक्षा ‘सव्वा कोटी’ म्हटले की ऐकणाऱ्याला रक्कम डोळ्यांसमोर दिसते. २.७५ लाख म्हणजे पावणेतीन लाख. ७२.५ टक्के म्हणजे साडेबहात्तर टक्के. निवडणूक निकाल, बाजारभाव आणि पर्जन्यमान यांत मात्र नेमका आकडा आवश्यक असेल तर तो पूर्ण सांगावा.

गावांच्या नावांतही सापळे आहेत. ‘अकोल्यात’ म्हटले की विदर्भातला अकोला आणि अहिल्यानगर जिल्ह्यातले अकोले या दोन्ही गावांचे सामान्यरूप एकच होते. कर्जत रायगड जिल्ह्यात आहे तसे अहिल्यानगर जिल्ह्यातही आहे. खेड तालुका पुण्यात आहे आणि रत्नागिरीतही आहे. पूर, अपघात किंवा दंगल यांच्या बातमीत जिल्ह्याचे नाव पहिल्याच वाक्यात आले नाही तर भलत्याच गावातल्या नातेवाइकांच्या काळजाचा ठोका चुकतो. ज्या केंद्रासाठी काम करायचे आहे त्याच्या क्षेत्रातले सारे तालुके, नद्या, धरणे आणि लोकप्रतिनिधींची नावे पाठ असणे ही मी किमान पात्रता मानतो.

उच्चार : प्रमाण भाषा आणि आपली बोली

मराठी च, ज आणि झ यांचे दोन उच्चार होतात आणि ते लेखनात दिसत नाहीत. ‘चार’ या संख्येतला च तालव्य आहे, म्हणजे तो जीभ टाळूला लावून उच्चारला जातो; ‘चारा’मधला दंततालव्य, म्हणजे त्यात जिभेचे टोक दातांकडे जाते. ‘जग’ म्हणजे विश्व असेल तर ज एका प्रकारे उच्चारला जातो आणि ‘जगणे’ या क्रियापदाचे आज्ञार्थी रूप असेल तर दुसऱ्या. ‘जरा’ म्हणजे म्हातारपण आणि ‘जरा’ म्हणजे थोडेसे, यांचेही तसेच. जनता आणि जबाबदारी हे शब्द एकापाठोपाठ म्हणून पाहिले की फरक लगेच जाणवतो. हिंदी माध्यमांच्या सततच्या सहवासामुळे हा भेद पुसट होत चालला आहे, आणि चाचणीत सर्वप्रथम तोच तपासला जातो. ण आणि न, ळ आणि ल, श आणि ष यांचाही सराव हवा. ‘ज्ञान’ मराठीत ‘द्न्यान’ असे उच्चारले जाते, ‘ग्यान’ असे नाही. संयम, संवाद, सिंह आणि संसार या शब्दांतला अनुस्वार पुढच्या अक्षरानुसार कसा बदलतो, हे जाणकाराकडून ऐकून घ्यावे.

याचा अर्थ घरची बोली टाकून द्यावी असा मुळीच नाही, आणि हे मी आग्रहाने सांगतो. बातमीपत्रासाठी प्रमाण मराठी आवश्यक आहे, कारण ती चंदगडपासून गोंदियापर्यंत सर्वांना सारखी समजायला हवी. परंतु शेतीविषयक कार्यक्रम, स्थानिक एफएम आणि सामुदायिक रेडिओ (संस्थांनी आपल्या परिसरातल्या लोकांसाठी चालवलेली छोटी केंद्रे) यांना माणदेशी, वऱ्हाडी, अहिराणी किंवा मालवणी सहज बोलणारा निवेदक मिळाला तर तो त्या केंद्राचा मोठा ठेवा ठरतो. ज्याला प्रमाण भाषा आणि बोली दोन्ही बोलता येतात त्याची कामे दुप्पट होतात. बोलीची नक्कल करून हशा मिळवणे मात्र टाळावे, कारण त्या बोलीचा श्रोता ते लगेच ओळखतो आणि दुखावला जातो.

ऐकण्याची सवयही याच टप्प्यावर लावावी. पुणे केंद्रावरून सुधा नरवणे यांनी वाचलेली प्रादेशिक बातमीपत्रे आणि दूरदर्शनवर प्रदीप भिडे यांनी दीर्घकाळ वाचलेल्या बातम्या एका मोठ्या श्रोतृवर्गाच्या स्मरणात आहेत. त्यांची जी ध्वनिमुद्रणे उपलब्ध असतील त्यांत कोणत्या शब्दावर आघात आहे, विराम कुठे आहे आणि गंभीर बातमीनंतर क्रीडावार्तेकडे वळताना स्वर किती बदलतो, हे कागदावर टिपून घ्यावे. दूरदर्शनचे मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. तेथे सुरुवातीच्या काळात बातम्या वाचणाऱ्यांत भक्ती बर्वे आणि स्मिता पाटील यांच्यासारख्या अभिनेत्री होत्या. अभिनयाच्या तालमीत संहितेचा अर्थ लावून वाचण्याची जी शिस्त मिळते ती निवेदनाला किती उपकारक असते, हे त्यांच्या उदाहरणावरून समजते. आपल्या गावात हौशी नाट्यसंस्था, एकांकिका स्पर्धा किंवा अभिवाचनाचे गट असतील तर त्यांत जरूर सामील व्हावे.

आवाजाची निगा

आवाज बदलण्याच्या मागे लागू नये. मुद्दाम खर्जात बोलणाऱ्या तरुणांच्या स्वरयंत्रावर ताण येतो आणि काही महिन्यांत घसा बसू लागतो. आपल्या नैसर्गिक पट्टीत, पोटापर्यंत भरलेल्या श्वासावर, जबडा सैल ठेवून बोलणे पुरेसे असते. बोलण्यापूर्वी पाच-सात मिनिटे ओठ मिटून हुंकार भरावा, ओठांची थरथर करावी आणि एखादा गद्य उतारा सावकाश वाचावा. पाणी थोड्या-थोड्या वेळाने प्यावे. वारंवार खाकरण्याची सवय सोडावी, आणि घसा दुखत असताना कुजबुजून बोलल्याने विश्रांती मिळते हा समज सोडून द्यावा, कारण कुजबुजण्यानेही ताण येतो. आवाजातला घोगरेपणा दोन-तीन आठवड्यांपेक्षा अधिक राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे.

नमुन्याचे ध्वनिमुद्रण कसे तयार करावे

महागड्या साहित्याची गरज नाही. गोधड्या, कपड्यांचे कपाट आणि पडदे असलेली लहान खोली, बंद केलेला पंखा आणि चांगला मोबाइल किंवा साधा यूएसबी मायक्रोफोन एवढ्यावर काम होते. माइक तोंडापासून वीतभर अंतरावर आणि किंचित बाजूला ठेवला की प, फ आणि भ यांचे फटके बसत नाहीत. आवाजाला प्रतिध्वनी, कृत्रिम जाडी किंवा पार्श्वसंगीताचा भडिमार जोडू नये. निवड करणाऱ्याला तुमचा खरा आवाज ऐकायचा असतो.

रेडिओसाठीचा नमुना तीन मिनिटांपेक्षा मोठा नसावा. त्यात स्वतः लिहिलेली एक लिंक (दोन गाण्यांमधले छोटे बोलणे), एक छोटी बातमी, शक्य असल्यास मुलाखतीचा तुकडा आणि एखाद्या जाहिरातीचे वाचन असावे. सर्वांत चांगला भाग पहिल्या वीस सेकंदांत यायला हवा, कारण पुढचे ऐकायचे की नाही हा निर्णय तेवढ्यात होतो. दूरचित्रवाणीसाठी कॅमेऱ्याकडे थेट पाहून केलेले निवेदन, घटनास्थळावरून केलेले वार्तांकन आणि एखाद्याला विचारलेले प्रश्न, अशा तीन तुकड्यांची दोन-तीन मिनिटांची चित्रफीत पुरेशी असते. बारीक रेघांचे किंवा चौकड्यांचे कपडे पडद्यावर थरथरल्यासारखे दिसतात. हिरव्या पडद्यासमोर चित्रीकरण असेल तर हिरवा रंग टाळावा. चकाकणारे दागिने आणि कॉलर माइकला घासणारी ओढणी हे दोन शत्रू आहेत. नमुना दर सहा महिन्यांनी नव्याने करावा, कारण या काळात बोलण्यात होणारी सुधारणा जुन्या नमुन्यात दिसत नाही.

प्रवेशाच्या वाटा

माझ्या मते नवख्याने सुरुवात सामुदायिक रेडिओपासून करावी. शैक्षणिक संस्थांना २००२ पासून आणि स्वयंसेवी संस्थांना २००६ पासून अशी केंद्रे चालवण्याची मुभा आहे. पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’, म्हसवडची ‘माणदेशी तरंग वाहिनी’ आणि बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राची ‘शारदा कृषी वाहिनी’ ही यांतली परिचित नावे आहेत. या केंद्रांचे क्षेपक (ट्रान्समीटर) लहान असतात आणि आवाज आसपासच्या काही किलोमीटरपुरताच पोहोचतो, मानधनही बेताचे किंवा शून्य असते. तरीही तिथे एकाच आठवड्यात मुलाखत घेणे, संपादन करणे, कन्सोलवरचे फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करणाऱ्या पट्ट्या, हाताळणे आणि श्रोत्यांच्या घरी जाऊन प्रतिक्रिया ऐकणे, हे सर्व करायला मिळते. मोठ्या वाहिनीत हे चार वेगळ्या विभागांत विभागलेले असते आणि नवख्याला त्यांपैकी एकाचेही दार लवकर उघडत नाही.

आकाशवाणीवर नैमित्तिक, म्हणजे गरजेपुरत्या बोलावल्या जाणाऱ्या, उद्घोषकांची यादी तयार करण्यासाठी प्रत्येक केंद्र गरजेनुसार जाहिरात देते. साधारणपणे पदवी, ठरावीक वयोमर्यादा आणि अनेकदा त्या परिसरातले वास्तव्य अशा अटी असतात. त्या प्रत्येक जाहिरातीत नीट वाचाव्यात. लेखी परीक्षा, आवाज चाचणी आणि मुलाखत असे टप्पे असतात. लेखी परीक्षेत सामान्य ज्ञान, साहित्य, संगीत आणि प्रसारणाचा इतिहास विचारला जातो. मुंबईत २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले, विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सुरू झाली, प्रसार भारती कायदा १९९० चा असून आकाशवाणी आणि दूरदर्शन चालवणारी प्रसार भारती ही संस्था १९९७ मध्ये प्रत्यक्षात आली, अशा मूलभूत गोष्टी माहीत असाव्यात. निवड झालेल्यांना ‘वाणी’ हा प्रमाणपत्र अभ्यासक्रम करावा लागतो. त्यानंतर मिळणारे काम महिन्याला साधारण सहा ड्यूट्यांपुरते मर्यादित असते आणि त्यातून कायम नोकरीचा हक्क निर्माण होत नाही. हे स्पष्टपणे समजून घेऊनच या वाटेला यावे. उपजीविकेसाठी दुसरे काम सांभाळून, प्रसारणाची शिस्त आणि भाषेचा संस्कार मिळवण्याची ही उत्तम शाळा आहे. वृत्त विभागाच्या वृत्तनिवेदक आणि अनुवादक यांच्या यादीसाठी वेगळी जाहिरात निघते, आणि तिथे इंग्रजी किंवा हिंदी मजकुराचे काही मिनिटांत स्वच्छ मराठी करता येणे निर्णायक ठरते. ज्यांचे वय बसते त्यांनी आपल्या केंद्रावर तरुणांसाठीच्या ‘युववाणी’चे कार्यक्रम होत असतील तर तिथे आधी हजेरी लावावी.

खासगी एफएमसाठी मुंबई आणि पुण्याच्याच दारात उभे राहण्याचे कारण नाही. नाशिक, कोल्हापूर, सोलापूर, सांगली, जळगाव, नांदेड अशा शहरांतही केंद्रे आहेत आणि तिथे मराठीत बोलणाऱ्याला अधिक वाव मिळतो. आरजेची लिंक चाळीस ते साठ सेकंदांची असते आणि तीत एकच विचार मांडायचा असतो. “आज मंडईत गवारीचा भाव ऐकून एक काकू पाठ फिरवून निघाल्या” असे एक निरीक्षण, त्यावरून श्रोत्याला एक प्रश्न, आणि गाण्यातला गायकाचा स्वर सुरू होण्याच्या आत पूर्णविराम. सकाळच्या कार्यक्रमासाठी पहाटे केंद्रावर पोहोचावे लागते, आणि बोलण्याखेरीज जाहिरातींचे मजकूर, समाजमाध्यमांवरच्या चित्रफिती आणि प्रायोजकांचे कार्यक्रम हेही कामाचा भाग असतात. अनेकांची सुरुवात आरजे म्हणून न होता मजकूर लेखक किंवा निर्मिती साहाय्यक म्हणून होते; ही जागा नाकारू नये.

वृत्तवाहिन्यांत थेट निवेदकाच्या खुर्चीवर बसवले जाणे दुर्मीळ आहे. बहुतेकजण डेस्कवर बातम्या लिहून, पॅकेजला (आधी तयार केलेल्या चित्रित बातमीला) आवाज देऊन किंवा जिल्हा वार्ताहर म्हणून काम करून, मग पहाटेच्या किंवा रात्री उशिराच्या बातमीपत्रात पहिली संधी मिळवतात. मराठी वृत्तवाहिन्यांची मुख्य कार्यालये प्रामुख्याने मुंबई परिसरात आहेत, म्हणून राहण्याच्या खर्चाचा हिशेब आधीच मांडावा. पत्रकारितेचे शिक्षण सक्तीचे नसले तरी उपयोगी पडते. पुण्याची रानडे इन्स्टिट्यूट म्हणून ओळखला जाणारा विद्यापीठाचा विभाग, अमरावतीतील भारतीय जनसंचार संस्थेचे केंद्र आणि मुंबईतली झेवियर इन्स्टिट्यूट ऑफ कम्युनिकेशन्स हे पर्याय पाहावेत. ‘आठवड्यात आरजे बना’ असे सांगणारे वर्ग आणि आवाज चाचणीआधी नोकरीच्या हमीसाठी पैसे मागणारे मध्यस्थ यांच्यापासून दूर राहावे. शासकीय केंद्रांचे परीक्षा शुल्क जाहिरातीत छापलेले असते. त्याखेरीज कोणालाही एक रुपया देऊ नये.

रंगमंचावरच्या सूत्रसंचालनाला प्रवेशपरीक्षा नाही. महाविद्यालयाचे स्नेहसंमेलन, गणेशोत्सवातल्या मैफली आणि पुस्तक प्रकाशने हीच तिथली चाचणी असते, आणि परदेशांतल्या महाराष्ट्र मंडळांच्या कार्यक्रमांतही या कामाला मागणी असते. इथे एकच पथ्य महत्त्वाचे : पाहुण्याची ओळख पाहुण्याच्या भाषणापेक्षा मोठी होऊ नये.

थेट प्रक्षेपणातले वर्तन

प्रॉम्प्टरवर, म्हणजे कॅमेऱ्यासमोर मजकूर दाखवणाऱ्या पडद्यावर, मजकूर वाचताना दोन-चार शब्दांच्या ओळी वर सरकत असतात. त्यांचा वेग चालक निवेदकाच्या बोलण्यानुसार ठेवतो, त्यामुळे यंत्रामागे धावण्याचे कारण नाही. मात्र कागदी प्रत हाताशी हवीच, कारण यंत्र बंद पडते. खरी कसोटी कानातल्या टॉकबॅकची असते. नियंत्रण कक्षातून निर्माता “वीस सेकंद, मग फोनवर वार्ताहर” असे सांगत असतो आणि त्याच वेळी निवेदकाचे वाक्य अखंड चालू राहावे लागते. हा सराव घरी करता येतो : एका कानात रेडिओवरचे समालोचन लावून मोठ्याने वाचावे, आणि परिच्छेद संपल्यावर समालोचक काय म्हणाला ते सांगून पाहावे. सुरुवातीला दोन्ही निसटते, सरावाने जमते.

बातमी नुकतीच येत असताना माहिती कमी आणि वेळ जास्त असतो. अशा वेळी निश्चित काय आहे, ते कोणी सांगितले आणि अद्याप कशाला दुजोरा मिळालेला नाही, या तीन गोष्टी फिरवून सांगाव्यात. मृतांच्या आकड्याचा अंदाज बांधू नये. एकेक प्रश्न विचारावा आणि तो लहान ठेवावा. प्रश्नातच उत्तर घालण्याची सवय मराठी वृत्तवाहिन्यांवर फार बोकाळली आहे आणि ती पाहुण्याला बोलूच देत नाही. आप्त गमावलेल्या माणसासमोर माइक धरून “आता तुम्हाला काय वाटतंय?” असे विचारणे मी अक्षम्य मानतो. त्याच्याकडून माहिती हवी असेल तर काय घडले ते विचारावे, आणि तो बोलू इच्छित नसेल तर कॅमेरा खाली करावा.

कायद्याच्या काही मर्यादा निवेदकाला स्वतः माहीत असायलाच हव्यात, कारण थेट प्रक्षेपणात संपादक वाक्य अडवू शकत नाही. बलात्कारपीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे, आणि बालकांच्या बाबतीत त्यांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याचे कलम २३ लागू होते. यात फक्त नावच येते असे नाही. गाव, शाळा किंवा नातेवाइकांचा तपशील सांगितल्याने ओळख पटत असेल तर तेही वर्ज्य आहे. दहशतवादविरोधी कारवाई सुरू असताना तिचे थेट चित्रण दाखवण्यास केबल टेलिव्हिजन नियमांनुसार मनाई आहे. आत्महत्येच्या बातमीत पद्धतीचे वर्णन करू नये आणि ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मदतक्रमांक द्यावा.

पैसे आणि करार

सुरुवातीची एक-दोन वर्षे उत्पन्न अनियमित राहील असे धरून चालावे. भाषांतर, जाहिरातींना आणि ध्वनिपुस्तकांना आवाज देणे, डबिंग आणि कार्यक्रमांचे सूत्रसंचालन या जोडकामांवर अनेक निवेदकांचे घर चालते, आणि त्यांत कमीपणा नाही. कराराचा कागद सही करण्यापूर्वी घरी नेऊन वाचावा. मानधन प्रत्येक कार्यक्रमाला आहे की महिन्याला, दुसऱ्या वाहिनीवर किंवा स्वतःच्या यूट्यूब वाहिनीवर बोलण्यास मनाई आहे का, सोडताना किती दिवसांची सूचना द्यायची आणि सोडल्यानंतर काही काळ अन्यत्र काम करण्यावर बंधन आहे का, हे चार मुद्दे आधी पाहावेत. अलीकडे पाचवा मुद्दा तितकाच महत्त्वाचा झाला आहे : तुमच्या आवाजावरून किंवा चेहऱ्यावरून कृत्रिम प्रतिकृती तयार करण्याचा हक्क कोणाला दिला जात आहे. हे कलम मोघम असेल तर वापर कोणत्या कार्यक्रमासाठी, किती काळासाठी आणि किती मोबदल्यात होईल हे लेखी मागून घ्यावे, आणि स्वतःच्या कामाचे नमुने संग्रहासाठी जवळ ठेवण्याची परवानगीही त्याच पत्रात नोंदवून घ्यावी.